आर. डी. भदाणे

शनिवारी संध्याकाळी लॅबच्या खिडकीतून
पाकीट मिळालं. डॉक्टर थेट सोमवारी.
पाकिटाला एकच पिन होती,
आणि मी छापखान्याचा माणूस,
पिना काढण्यातच बोटं झिजलेली.

लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी
तो कागद मी प्रूफासारखा वाचायला घेतला.
क्रिएटिनिन सहा पॉइंट आठ. ठळक टायपात.
पुढे एक तारा.
आमच्या धंद्यात तारा आला की खाली टीप असते.
मी तळापर्यंत गेलो, कागद उलटा केला.
टीप नव्हती.

वय एकाहत्तर छापलं होतं.
माझं चौपन्न.
तीस वर्षं लोकांची वयं, मुहूर्त, वडलांची नावं दुरुस्त करतोय,
चि. कुठे आणि कै. कुठे, झोपेतही सांगेन.
पण त्या रात्री मी पेन उचलून
एकाहत्तर खोडलं, वर चौपन्न लिहिलं.
घाबरलेल्या माणसाला चूक दिसते,
तो ती दुरुस्त करतो
आणि स्वतः तिच्यात जाऊन बसतो.

रविवार. अमळनेरात चव्वेचाळीस अंश.
बोरीच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.
सिंधूने कळण्याची भाकरी केली, सोबत ठेचा.
मी म्हणालो, मीठ नको.
तिने तव्यावरून मान वर केली.
"काही नाही गं, पोट जड आहे."
दुपारी उधारीची वही काढली,
मांडळच्या बँडवाल्याकडे अडीच हजार,
पातोंड्याच्या सोसायटीकडे नऊशे,
सगळं वेगळ्या कागदावर उतरवलं,
अक्षर मुद्दाम मोठं काढलं,
तिला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

सोमवारी डॉक्टर नेरकरांनी कागद पाहिला,
मग मला पाहिलं.
"हा तुमचा नाही. आर. डी. दोन आहेत.
तुम्ही रतिलाल दगडू ना?"
कंपाउंडरने दुसरं पाकीट आणलं.
एकच पान. तारा कुठेच नाही.
गुडघ्यांतलं काहीतरी सुटलं,
त्या घडीला मी दारातल्या पायपुसण्यालासुद्धा
नमस्कार केला असता.

पावती व्हायची होती, म्हणून बाहेर बाकावर टेकलो.
शेजारी धोतर, टोपी,
मांडीवर युरियाच्या गोणीची शिवलेली पिशवी.
मी विचारलं, बाबा, कुठले?
"कळमसरेना. राजधर भदाणे."
मी पंख्याकडे बघायला लागलो.
"नुसता थकवा येस, भाऊ. बाकी काय नई.
पोर मांगे लागनी, म्हनीसन उनू."
आणि पिशवीत हात घालून
भुईमुगाच्या शेंगांची ओंजळ
माझ्या हातात रिकामी केली.

त्यांच्या रक्तातला एक आकडा
मला दशांशासकट पाठ होता.
दोन रात्री तो माझ्या उशाशी झोपला होता,
माझ्या भाकरीतलं मीठ त्याने खाल्लं होतं.
त्यांची त्याची अजून ओळख नव्हती.

शेंगा खारवलेल्या होत्या.
ते एक सोलत, दोन दाणे स्वतः, दोन मला.
मी तोंड उघडलं, बाबा, मीठ जरा—
"खावा ना," ते म्हणाले.
मी खाल्ले.

आतून हाक आली, "आर. डी. भदाणे!"
आम्ही दोघंही उठलो.
मी लगेच बसलो.
"जरा ध्यान ठेवज्यात," म्हणत त्यांनी
पिशवी माझ्याजवळ सरकवली
आणि टोपी सारखी करून आत गेले.

माझी पावती केव्हाच झाली होती.
मी बसून राहिलो, मुठीत फोलपटं,
टाकायला डबा दिसत होता तरी.
आत टेबलावर त्यांचा कागद उघडला असेल,
आणि त्यात एकाहत्तर खोडलेलं,
वर माझ्या अक्षरात
चौपन्न.